नावे, रक्त आणि सरहद्द : यानोमामीविषयक संशोधनग्रंथांची चिकित्सा

व्हेनेझुएला आणि ब्राझील यांच्यामधील सरहद्दीचा एक दीर्घ भाग पारिमा डोंगररांगेच्या जलविभाजकावरून जातो. एका उताराचे पाणी ओरिनोकोला मिळते, दुसऱ्या उताराचे अ‍ॅमेझॉनला. या दोन्ही उतारांवरील पर्जन्यवनात यानोमामी लोकांची वस्ती असून त्यांची संख्या आज तीस हजारांहून अधिक आहे. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा समाज जगभर पोहोचला तो मुख्यतः एका पुस्तकामुळे. नेपोलियन शॅग्नॉन यांचे 'यानोमामो : द फिअर्स पीपल' हे पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६४ पासून वरच्या ओरिनोकोच्या खोऱ्यात केलेले क्षेत्रकार्य हा त्याचा पाया होय. उपशीर्षकातील 'उग्र लोक' हे शब्द पुढील आवृत्त्यांतून लेखकाने वगळले. तोपर्यंत ते विशेषण त्या समाजाला कायमचे चिकटले होते.

शॅग्नॉन यांच्यावरील टीका बहुधा या विशेषणापाशीच थांबते. वास्तविक या ग्रंथातील अधिक गंभीर भाग पहिल्याच प्रकरणात आहे आणि तो लेखकाने कोणताही आडपडदा न ठेवता सांगितला आहे. यानोमामींमध्ये मृताचे नाव उच्चारणे निषिद्ध असते. मृताच्या वस्तू नष्ट केल्या जातात, अस्थींची राख नातलग विधिपूर्वक सेवन करतात. त्याची कोणतीही खूण मागे राहू नये, हा त्यामागील भाव. शॅग्नॉन यांना मात्र वंशावळ्या हव्या होत्या आणि वंशावळी मृतांच्या नावांवाचून उभी राहत नाही. गावकऱ्यांनी आरंभी त्यांना खोटी, अश्लील नावे पुरवली. कित्येक महिन्यांनंतर दुसऱ्या गावात ती उच्चारताच लोक हसू लागले, तेव्हा ही फसवणूक लेखकाच्या ध्यानी आली. त्यानंतर त्यांनी मार्ग बदलला. परस्परांशी वैर असलेल्या माणसांना गाठून एकाकडून दुसऱ्याच्या मृत नातलगांची नावे काढून घ्यायची आणि मोबदल्यात कोयते, कुऱ्हाडी, भांडी द्यायची. हा प्रसंग विनोदी शैलीत लिहिलेला आहे, वर्गात विद्यार्थ्यांना तो आवडतो. परंतु खोटी नावे देणे हा त्या समाजाने दिलेला स्पष्ट नकार होता, ही शक्यता लेखकाच्या मनाला फारशी शिवत नाही. नकाराकडे त्यांनी पद्धतीतील अडथळा म्हणून पाहिले व तो दूर केला.

या वंशावळ्यांचा उपयोग केवळ नातेव्यवस्थेच्या अभ्यासापुरता नव्हता. मिशिगन विद्यापीठातील आनुवंशशास्त्रज्ञ जेम्स नील यांच्या संशोधनाला त्यांची गरज होती. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने त्या प्रकल्पाला अर्थसाहाय्य दिले होते. यानोमामींच्या रक्ताचे नमुने हजारोंच्या संख्येने गोळा होऊन अमेरिकेतील प्रयोगशाळांत गेले. रक्ताची नळी कोणाची, हे त्या नावांवरून ठरे.

१९८८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात शॅग्नॉन यांचा बहुचर्चित लेख आला. पंचविशीपुढील पुरुषांपैकी ४४ टक्के पुरुष कोणाच्या ना कोणाच्या हत्येत सहभागी झालेले आहेत आणि अशा 'उनोकाई' पुरुषांना इतरांच्या तुलनेत दुपटीहून अधिक पत्नी व तिपटीहून अधिक अपत्ये असतात, असे त्याचे प्रतिपादन होते. ब्रायन फर्ग्युसन यांनी १९८९ मध्ये त्यावर नेमके बोट ठेवले : वय वाढेल तशी उनोकाई होण्याची व अपत्ये होण्याची शक्यता दोन्ही वाढतात, गावप्रमुखांना वेगळे मोजायला हवे, आणि सूड उगवला जाऊन जे मारेकरी स्वतःच मारले गेले त्यांचा हिशेब या आकड्यांत कोठेच लागत नाही. फर्ग्युसन यांच्या १९९५ च्या ग्रंथातील विवेचन याहून महत्त्वाचे आहे. पोलादी अवजारांचा प्रवेश, ती कोणत्या गावाला प्रथम मिळतात आणि त्यावरून होणारे तंटे यांच्याशी त्यांनी युद्धांची सांगड घातली. ती मांडणी सर्वस्वी मान्य करण्याचे कारण नाही. तथापि कुऱ्हाडी वाटणारा संशोधक त्या मांडणीमुळे निरीक्षक न राहता घटनाक्रमातील एक पात्र ठरतो, हे नाकारता येत नाही.

सरहद्दीचा विचार येथेच अपरिहार्य होतो. लेख व्हेनेझुएलातील गावांवर बेतला होता, त्याचे पडसाद ब्राझीलमध्ये उमटले. त्याच सुमारास हजारो सोनेखाणकामगार यानोमामींच्या प्रदेशात घुसले होते आणि शासन त्या भूमीचे १९ तुटक तुकडे करू पाहत होते. हिंसक समाजाचे चित्र अशा धोरणाला पूरक ठरते, असा जाहीर आक्षेप ब्राझीलच्या मानववंशशास्त्र संघटनेने घेतला. सलग भूभागाला मान्यता मिळाली ती १९९२ मध्ये. पुढच्याच वर्षी हाशिमू येथे ब्राझीलमधील खाणकामगारांनी सरहद्दीपलीकडे जाऊन १६ यानोमामींची हत्या केली. शॅग्नॉन यांच्या पुस्तकाच्या पुढील आवृत्त्यांत बाह्य संपर्काचे प्रकरण आहे खरे, पण ते परिशिष्टासारखे वाटते. गावांतील वैराचे विश्लेषण त्यामुळे बदलत नाही.

पॅट्रिक टियर्नी यांच्या 'डार्कनेस इन एल डोराडो' (२०००) या ग्रंथाने ही चर्चा भलत्याच दिशेला नेली. १९६८ च्या गोवराच्या साथीचा संबंध नील यांच्या लसीकरणाशी जोडणारा त्यांचा गर्भित आरोप टिकला नाही. लसीतील विषाणू एका व्यक्तीकडून दुसरीकडे पसरल्याचा पुरावा नाही. साथ आधीच मिशनरी ठाण्यांमार्फत आलेली होती. अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने चौकशी अहवाल २००२ मध्ये स्वीकारला आणि सदस्यांच्या मतदानानंतर २००५ मध्ये तो स्वीकार मागे घेतला. लसीचा आरोप कोसळला तशी शॅग्नॉन यांची सर्वच बाबतींत सुटका झाली, असा समज त्यांच्या समर्थकांत दृढ झाला. नावांचा आणि रक्ताचा प्रश्न मात्र लसीवर अवलंबून नव्हता.

दावी कोपेनावा आणि ब्रूस आल्बेर यांचा २०१० मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेला 'ला श्यूत द्यू सिएल' (कोसळते आकाश) हा ग्रंथ यासोबत वाचावयास हवा. कोपेनावा हे यानोमामी शामन; तोतोतोबी परिसरात १९६७ मध्ये आलेल्या गोवरात त्यांची आई गेली. ग्रंथातील 'मी' निर्भेळ नाही. यानोमामी भाषेतील ध्वनिमुद्रणांतून आल्बेर यांनी तो फ्रेंचमध्ये रचला आहे आणि आपला हात कोठे लागला हे त्यांनी स्वतःच विस्ताराने सांगितले आहे. काही ठिकाणी निवेदन इतके सुघटित होते की बोलणाऱ्याचा श्वास हरवल्यासारखा वाटतो. तरीही संशोधकाच्या वस्तू, कागद व प्रश्न यांकडे पाहणारी नजर येथे प्रथमच त्या बाजूची आहे.

टियर्नींच्या सदोष पुस्तकाचा एक परिणाम मात्र त्यांच्या टीकाकारांनीही दुर्लक्षिला. मृतांचे रक्त अद्याप अमेरिकेतील शीतगृहांत जपलेले आहे, हे अनेक यानोमामींना त्या वादामुळेच कळले. कोपेनावांसह त्यांच्या प्रतिनिधींनी ते परत मागितले आणि ब्राझीलच्या सरकारी वकिलांनी तो पाठपुरावा केला. २०१५ मध्ये अडीच हजारांहून अधिक नमुने परत आले आणि तोतोतोबी परिसरातच शामनांच्या उपस्थितीत जमिनीत पुरले गेले.