सैतामाचा व्यायाम, नमुना एक

माझा मावसभाऊ जालन्यात पोलीस भरतीची तयारी करतोय. मोबाईलवर बघून त्यानं ‘वन पंच मॅन’मधल्या सैतामाचा व्यायाम धरला: रोज १०० पुश-अप्स, १०० सिट-अप्स, १०० स्क्वॉट्स, वर १० किलोमीटर धावणं. सुट्टी नाही. तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसला.

आता तुम्ही हे संशोधक म्हणून वाचा. नमुना एक, तोही काल्पनिक. तुलनेला गट नाही. आकडा पहिल्या दिवशी तोच, तीन वर्षांनी तोच; भारच वाढत नाही, तर ताकद कशानं वाढणार? आणि भरतीत मोजतात १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. मोजायचं एक, सराव भलत्याचाच! खरं तर लेखकाला हे ठाऊक आहे. कॉमिकमध्येच जेनोस चिडून म्हणतो की हा तर साधा व्यायाम झाला. विनोद होता तो, आपण त्याचं वेळापत्रक केलं.

आपल्याकडंही असा आकडा आहेच. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे समर्थ रामदास टाकळीला रोज १२०० सूर्यनमस्कार घालत, असं परंपरा सांगते. पण तालमीत मारुतीला हात जोडून झाले की जोर किती मारायचे, ते वस्ताद पोराकडं बघून ठरवतो.

भावाला म्हटलं, आधी नडगी बरी होऊ दे. मग वही घे, रोज काय केलं आणि कुठं दुखलं ते लिही.