लोड टाकून बघू

खाली स्वयंपाकघरातला दिवा मंद होतो आणि त्याच क्षणी माडीवरचा दिवा डोळ्यांवर येईल इतका प्रखर होतो. घरातल्या विजेच्या जुनाट दुखण्यांमध्ये याच्याइतकं बोलकं लक्षण दुसरं नाही. घरभर सगळंच मंद झालं तर कारणं पुष्कळ निघतात. ट्रान्सफॉर्मर लांब असेल, सर्व्हिस वायर बारीक असेल, आसपासचे पंप एकदम सुरू झाले असतील. पण एक दिवा खाली जाताना दुसरा वर येत असेल, तर संशय एकाच जागी जातो: न्यूट्रल. चांगला वायरमन एवढं ऐकूनच निम्मी वाट चाललेला असतो. या ऐकण्यापासून पुढच्या शोधापर्यंतचं त्याचं काम मी अनेकदा जवळून पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी त्यात रमलो आहे. एखाद्या कसलेल्या गायकाची बंदिश पुन्हा पुन्हा ऐकावी, तसं हे काम पुन्हा पुन्हा पाहावं असं मला वाटतं.

रत्नागिरीजवळ माझ्या मावशीचं दुमजली घर आहे. थ्री-फेज कनेक्शन. तळमजला एका फेजवर, माडी दुसऱ्या फेजवर आणि विहिरीचा पंप तिन्ही फेजवर. एका पावसाळ्यात माडीवरचे एलईडी बल्ब भराभर जायला लागले, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर जळाला, खालचा फ्रिज मधूनच घुंई करून थांबायला लागला. दोघं जण येऊन गेले. एकाने एमसीबी बदलले, दुसऱ्याने फ्रिजला स्टॅबिलायझर लावून दिला. दोघांनीही मीटर लावून पाहिलं होतं आणि दोघांनाही व्होल्टेज व्यवस्थित मिळालं होतं. ते दुपारी आले होते. दुपारी घरात दोन पंख्यांपलीकडे काही चालू नसतं.

तिसरे आले ते साठीच्या पुढचे होते. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली, बोर्डाकडे नुसतं पाहिलं आणि मावशीशी बोलत बसले.

“वहिनी, हे होतं कधी?”

“तसा नेम नाही हो भाऊ. पण सकाळी जास्त. आणि दिवेलागणीनंतर.”

“त्या वेळेला न्हाणीत गिझर चालू असतो?”

“असतो की. सगळ्यांच्या आंघोळी असतात.”

“शेजाऱ्यांकडे होतं असं?”

“नाही. आमच्याकडेच.”

“मग लावा गिझर. लोड टाकून बघू.”

या पाच-सहा वाक्यांत केवढं काम झालं ते पाहण्यासारखं आहे. शेजाऱ्यांकडे काही होत नाही, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि खांबापर्यंतचा न्यूट्रल शाबूत आहे. खांबावरून घराकडे वळल्यानंतर कुठेतरी गडबड आहे. गिझरच्या वेळेला होतं, म्हणजे दोष कायम हजर असला तरी तो दिसायला करंट वाहावा लागतो. हातात अजून पक्कडही घेतलेली नाही आणि अख्ख्या गावाची लाइन शोधातून वगळली गेली. पुढच्या सगळ्या मोजमापापेक्षा मला ही सुरुवात मोठी वाटते.

गिझर २००० वॉटचा. तो जवळजवळ ९ अँपिअर घेतो. तो बंद असताना डीबीवर, म्हणजे घरातल्या वितरण बोर्डावर, तिन्ही फेज २३०च्या आसपास होते, त्याआधीच्या दोघांना मिळाले होते तसेच. गिझर लावल्यावर तळमजल्याचा फेज २०८वर आला आणि माडीचा २४२वर चढला. मग भाऊंनी मीटरचं एक टोक न्यूट्रलवर आणि दुसरं अर्थिंगवर ठेवलं. अर्थिंग अंगणात वेगळी पुरलेली होती. मीटरने २२ व्होल्ट दाखवले. गिझर बंद केला, आकडा शून्याजवळ आला. पुन्हा लावला, पुन्हा २२.

इथे क्षणभर थांबून हे आकडे नीट वाचले पाहिजेत. न्यूट्रलने जमिनीच्या पातळीला राहायचं असतं. वाटेत एखादा जोड ढिला असेल तर तिथे विरोध तयार होतो, आणि करंट वाहताना न्यूट्रल जमिनीपासून सुटून ज्या फेजवर लोड जास्त आहे त्या फेजकडे ओढला जातो. म्हणून लोडच्या फेजचं अंतर कमी होऊन ते २०८ झालं आणि बाकीच्या फेजपासून तो लांब गेल्यामुळे तिथे २४२ मिळाले. एका दिव्याचं मंद होणं आणि दुसऱ्याचं प्रखर होणं या दोन तक्रारी नव्हत्याच. एकाच बिंदूची ती हालचाल होती.

हा जोड पूर्ण सुटला असता तर? दोन फेजमध्ये जवळजवळ ४०० व्होल्ट असतात. खाली २००० वॉटचा गिझर आणि वर जेमतेम १०० वॉटचे दिवे, अशी दोन लोड मग न्यूट्रलशिवाय एकापाठोपाठ एक जोडली जातात. ज्याचा विरोध जास्त त्याच्या वाट्याला व्होल्टेजही जास्त. गिझरला २० व्होल्टही मिळत नाहीत आणि दिव्यांवर ३८०च्या आसपास येऊन आदळतात. ज्याने सर्वांत कमी मागितलं त्याच्यावर सर्वांत जास्त येऊन पडतं. ‘न्यूट्रल गेला आणि घरातलं सगळं जळालं’ असं लोक सांगतात, त्यामागचा हिशेब हा असा आहे. मावशीकडे हा प्रकार अर्ध्या वाटेवर होता.

भाऊ आता मागे मागे निघाले. डीबीवर २२ व्होल्ट होते. तिथून मेन स्विचवर गेले. आत येणाऱ्या न्यूट्रलवर मोजलं, तिथेही २२च. एवढ्या एका मापाने घरातलं सगळं वायरिंग निर्दोष ठरलं. प्रत्येक खोलीतला बोर्ड, प्रत्येक जंक्शन बॉक्स, केसिंग-कॅपिंगमधला प्रत्येक जोड एकदम संशयातून सुटला आणि कुठेही स्क्रू ड्रायव्हर लावावा लागला नाही. राहिला तो विजेचा मीटर आणि त्याच्या पलीकडचा सर्व्हिस वायरचा भाग. तिथे सील होतं. भाऊंनी सीलला हात लावला नाही. त्यांनी एका कागदावर गिझर चालू आणि गिझर बंद, अशी दोन्ही वेळची मापं लिहिली आणि मावशीला सांगितलं, “हा कागद लाइनमनला दाखवा. व्होल्टेज कमी-जास्त होतंय असं नका सांगू. न्यूट्रल लूज आहे असं सांगा.” आपली हद्द कुठे संपते हे माहीत असणं आणि तिथपर्यंतचा पुरावा मात्र पक्का करून देणं, या दोन्ही गोष्टी एकत्र मला फार थोड्या कारागिरांत दिसल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. त्याने सप्लाय बंद करून सर्व्हिस वायरच्या जोडाची पेटी उघडली. अॅल्युमिनियमची तार पितळी टर्मिनलमध्ये घातलेली होती. तारेवर पांढरी भुकटी धरलेली, दोन पदर काळे पडून तुटलेले, टर्मिनलखालचं बेकेलाइट एका बाजूने तपकिरी झालेलं. अॅल्युमिनियमवर हवेने जो थर चढतो तो वीज जाऊ देत नाही. शिवाय हा धातू स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबत जातो, त्यामुळे एकदा घट्ट आवळलेला जोड काही वर्षांनी आपोआप सैल होतो. त्यात समुद्राकाठची खारी, दमट हवा. भाऊंच्या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट काढता येते: २२ व्होल्ट गुणिले जवळजवळ ८ अँपिअर म्हणजे पावणेदोनशे वॉट. व्होल्टेज पडल्यामुळे गिझरही थोडा कमी करंट घेत होता, म्हणून ८. एवढी उष्णता रोज सकाळी अंगठ्याएवढ्या जागेत तयार होत होती. लाइनमनने जळालेला भाग कापून तारेला ताजं तोंड काढलं, घासून लगेच लग दाबून बसवला आणि नवं टर्मिनल घातलं. गिझर लावला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटरला सांगण्यासारखं काही उरलं नाही.

भाऊंच्या पिशवीतल्या एका वस्तूबद्दल लिहायलाच हवं. होल्डरमध्ये बसवलेला १०० वॉटचा जुना पिवळ्या उजेडाचा बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी: टेस्ट लॅम्प. चांगला डिजिटल मीटर जवळ असताना हे धूड कशाला, असं कुणालाही वाटेल. पण मीटरचा गुण हाच कधी कधी त्याचा दोष होतो. डिजिटल मीटरचा आतला विरोध साधारण १ कोटी ओम असतो. तो सर्किटकडून जवळजवळ काहीच घेत नाही. त्यामुळे मध्येच तुटलेली, पण दुसऱ्या जिवंत तारेच्या शेजारून गेलेली वायर त्याच्यासमोर ठेवली, की तो ८०, १००, कधी त्याहून जास्त व्होल्ट दाखवतो. शेजारच्या तारेचा तो नुसता स्पर्शाविना आलेला प्रभाव असतो. बल्बचा विरोध जळताना सुमारे ५३० ओम. तो लावला की ते व्होल्ट जागच्या जागी नाहीसे होतात, कारण त्यांच्यामागे करंट नसतोच. नळाला धार दिसते, पण बादली खाली ठेवल्यावरच पाणी किती येतंय ते कळतं. टेस्ट लॅम्प ही ती बादली आहे. आणि ढिल्या जोडावर तर तो हमखास उपयोगी पडतो. मीटर म्हणतो २३०, बल्ब मात्र लुकलुकतो. अशा वेळी बल्बचं ऐकायचं.

हाच धडा निऑनच्या खिशातल्या टेस्टरलाही लागू आहे. तो पेटला म्हणजे वीज ‘आहे’ एवढंच कळतं. ती काम करेल का, हे त्याला सांगता येत नाही. मात्र एका प्रसंगी हा छोटा टेस्टर फार मोठी गोष्ट सांगतो. बोर्डाच्या सॉकेटमध्ये दोन्ही भोकांत तो पेटला, की न्यूट्रल कुठेतरी तुटला आहे आणि चालू ठेवलेल्या उपकरणातून फेज त्या तारेत परत आला आहे. असा दोन्हीकडे पेटणारा टेस्टर पाहून जो वायरमन ‘डबल फेज आलाय’ म्हणून गोंधळत नाही, त्याच्या हाती घर सोपवायला हरकत नाही.

आता माझ्या मते सर्वांत देखणं कोडं. पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये आरसीसीबी वारंवार पडत होती. इस्त्री लावली की पडायची, टोस्टर लावला की पडायची, पण दिवे-पंखे चालू असताना दिवसभर शांत. इस्त्री बदलली, टोस्टर शेजारच्या घरी नेऊन पाहिला, दोन्ही निर्दोष. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स पूर्ण केलेली एक तरुण मुलगी हे काम बघायला आली होती. तिने सगळ्या सर्किटचे एमसीबी पाडले, इस्त्रीचं एकच चालू ठेवलं आणि इस्त्री लावली. आरसीसीबी पडली. घरातल्या काकूंना वाटलं, चला, याच सर्किटमध्ये दोष आहे. मुलगी म्हणाली, “नाही काकू, एमसीबीने फक्त फेज तुटतो. न्यूट्रल सगळ्यांचे अजून जोडलेलेच आहेत.”

या एका वाक्यात सगळं कोडं आहे. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची सतत तुलना करते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती पडलीच पाहिजे. घरात कुठेही न्यूट्रलची तार अर्थिंगला टेकली असेल, तर परतणाऱ्या करंटला दोन वाटा मिळतात आणि त्यातला थोडा जमिनीच्या वाटेने जातो. दिवे-पंख्यांचा करंट एवढा कमी, की त्यातला चुकार भाग मर्यादेच्या आत राहतो. इस्त्रीच्या चार-साडेचार अँपिअरमधला शंभरावा हिस्सा जरी भलतीकडे वळला, तरी मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे पाडणारी इस्त्री, आणि गुन्हा दुसऱ्याच खोलीत, कदाचित बंद असलेल्या सर्किटवर. जे उपकरण लावल्यावर आरसीसीबी पडते त्यालाच दोष देण्याची आपली सवय इथे पुरती फसवते.

मुलीने मेन बंद केला, सगळे प्लग काढायला लावले आणि न्यूट्रल बारवरच्या आठ काळ्या वायरी सोडवल्या. एकेक तपासत बसली नाही. चार एकत्र धरून मेगरची, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरची, ५०० व्होल्टची चाचणी अर्थिंगशी घेतली: निर्दोष. उरलेल्या चारांतल्या दोन घेतल्या: काटा शून्याकडे. त्या दोनांतली एक घेतली: शून्य. तीन चाचण्यांत आठांतून एक. तिने हे मोठ्या सहजतेने केलं, पण प्रत्येक उत्तराबरोबर निम्मं घर बाजूला पडेल असा प्रश्न विचारणं ही शोधाची सर्वांत सुंदर चाल आहे, आणि घाईत असलेल्या माणसाला ती कधी सुचत नाही.

ती वायर न्हाणीघराच्या एक्झॉस्ट फॅनची होती. पत्र्याच्या बॉक्सचं झाकण बसवताना एक स्क्रू न्यूट्रलच्या इन्सुलेशनमध्ये घुसला होता. तेवढ्या जागी तांबं चमकत होतं. तिने तेवढा तुकडा बदलला, स्क्रू आखूड घातला, आठही न्यूट्रल परत जोडले आणि इस्त्रीबरोबर गिझरही लावायला सांगितला. दोन्ही चालू असताना पंधरा मिनिटं थांबली. आरसीसीबी वरच राहिली. मग तिने आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं आणि ती खटकन पडली, तेव्हाच पिशवी आवरायला घेतली. ट्रिप होणं थांबलं एवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. व्हायला हवी तेव्हा ती होते की नाही, हेही तिला बघायचं होतं.