जीर्णोद्धार आणि पाठचिकित्सा

अहमदाबादेंत लाल दरवाज्याजवळ, सिदी सय्यदच्या जाळीदार मशिदीसमोर, गिरणीमालक शेठ मंगळदास गिरधरदास यांनीं इ. स. १९२४ मध्यें बांधविलेली हवेली आहे. वंशजांनीं तिची डागडुजी करून तींत 'हाउस ऑफ एमजी' नांवाचें लहानसें हॉटेल काढलें. गच्चीवरील भोजनगृहास 'अगाशिये' असें अस्सल गुजराथी नांव दिलें. इ. स. २०१७ मध्यें युनेस्कोनें या ऐतिहासिक नगरास जागतिक वारशांत स्थान दिल्यामुळें अशा वास्तूंस विशेष महत्त्व आलें आहे.

वापर थांबला कीं घर ढासळतें. दुरुस्तीचा खर्च पाहुण्यांच्या भाड्यांतून निघत असेल, तर अशा उपक्रमांचें स्वागतच केलें पाहिजे. तथापि इतिहासाभ्यासकास वास्तु ही एक पोथीच होय. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें इ. स. १९६६ मध्यें पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत प्रक्षिप्त श्लोक नाहींसे केले नाहींत. ते वेगळे काढून तळटीपांत व परिशिष्टांत छापले. तोच दंडक येथें लावावा. जुन्या दालनास नवें स्नानगृह जोडणें अपरिहार्य आहे. परंतु कोणती तुळई मूळची, कोणती नवी, कोणती भिंत काढली, याची नोंद जिज्ञासूस पाहावयास मिळाली पाहिजे. 'जुनें' व 'जुन्यासारखें' यांतील भेद बुजला, तर वाडा उभा राहील, पण त्याची साक्ष पुराव्यास चालणार नाहीं. नकलकार मूळ व भर एकत्र लिहून टाकतो. संपादक दोन्ही वेगळीं दाखवितो. जीर्णोद्धार करणारानें संपादकाचें व्रत घ्यावें.