वेत, खोडवा आणि कोयता : उत्पादन-पुनरुत्पादनविषयक मराठी शब्दसंपत्तीची चिकित्सा
(धाराशिव जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

माणूस दोन गोष्टी निर्माण करतो. एक म्हणजे जगण्याची साधने आणि दुसरी म्हणजे जगणारी माणसे. फ्रेडरिक एंगल्स यांनी १८८४ साली कुटुंबसंस्थेच्या उगमावरील आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत समाजाच्या जडणघडणीचे हे दोन आधार सांगितले होते. अर्थशास्त्राने पहिल्यास 'उत्पादन' म्हटले, तर जीवशास्त्राने दुसऱ्यास 'पुनरुत्पादन' म्हटले. हे दोन्ही शब्द आज मराठी पाठ्यपुस्तकांत इतके रुळले आहेत की त्यांच्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची गरज आपणास वाटत नाही. परंतु कोणताही समाज या दोन क्रियांना कोणत्या शब्दांनी ओळखतो, त्यांना एकत्र ठेवतो की वेगळे करतो, यावर त्या समाजात कोणाच्या कष्टाला 'काम' म्हटले जाईल हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. प्रस्तुत लेखात इंग्रजी व चेक या दोन भाषांतील शब्दांशी तुलना करीत, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील शेती, पशुपालन व ऊसतोडणी यांतील मराठी शब्दांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

इंग्रजी व चेक : दोन वेगळ्या वाटा

इंग्रजीत 'लेबर' हा एकच शब्द श्रमासाठीही वापरला जातो आणि प्रसूतीच्या कळांसाठीही. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाने कारखान्यातील कामगार आणि बाळंतपणातील स्त्री यांना निदान शब्दापुरते तरी एका रांगेत बसविले. 'रिप्रॉडक्शन' या शब्दाचा इतिहास मात्र उलट्या दिशेने जातो. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी १७४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सजीवांच्या संदर्भात हा शब्द ठळकपणे वापरला. त्यापूर्वी याच अर्थाने प्रामुख्याने 'जनरेशन' म्हणजे जनन हा शब्द चालत असे. जन्म देणे ही मूळची स्वतंत्र क्रिया होती. ती पुढे 'पुन्हा उत्पादन करणे' या नावाने ओळखली जाऊ लागली. उत्पादन आधी आणि जन्म त्याची आवृत्ती, असा हा क्रम आहे.

चेक भाषेत चित्र निराळे दिसते. तेथे 'रोदित' म्हणजे जन्म देणे. याच धातूच्या परिवारातून 'रोदिना' म्हणजे कुटुंब, 'नारोद' म्हणजे राष्ट्र आणि 'ऊरोदा' म्हणजे शेतातील पीक हे शब्द घडले. निसर्गासाठीचा चेक शब्दही याच कुळातील आहे. 'प्लोद' या शब्दाचा अर्थ फळ असाही होतो आणि गर्भ असाही होतो. मात्र कारखान्यातील उत्पादनास चेकमध्ये 'वीरोबा' म्हणतात आणि तो शब्द राबण्याच्या धातूपासून आला आहे. त्याच धातूतून 'रोबोता' म्हणजे वेठबिगारी हा शब्द येतो. हॅब्सबर्ग साम्राज्यात ही वेठ १८४८ साली रद्द झाली, पण शब्द मागे राहिला.

त्याच शब्दावरून जगाला 'रोबो' मिळाला. कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकासाठी हा शब्द त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचविला. या नाटकातील कृत्रिम कामगार सर्व उत्पादन करतात, परंतु त्यांना अपत्य होत नाही. इकडे श्रमातून मुक्त झालेल्या माणसांमध्येही जन्म थांबतात. म्हणजे 'वीरोबा' पराकोटीला पोहोचते आणि 'रोदित' बंद पडते. चेक भाषेत जे दोन धातू वेगळे होते, त्यांच्या संपूर्ण फारकतीचे ते नाटक आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा घ्यावयाचा आहे.

मराठी : पिकणे, विणे आणि उत्पादन करणे

मराठीत या विषयावरील शब्दांचे स्थूलमानाने तीन थर दिसतात. पहिला थर बोलीतील तद्भव शब्दांचा : पीक, वीण, वेत, गाभण, निपज. दुसरा फारसीतून आलेल्या 'पैदा', 'पैदास' यांसारख्या शब्दांचा. तिसरा शासकीय व शैक्षणिक मराठीतील संस्कृत घडणीचा : उत्पादन, पुनरुत्पादन, प्रजनन, जननदर.

पहिल्या थराचे वैशिष्ट्य असे की तेथे शेत, जनावर आणि स्त्री यांच्यासाठी एकाच शब्दकुळाचा वापर होतो. ज्वारीचे कणीस बाहेर पडण्यापूर्वी 'पीक पोटरीला आले' असे शेतकरी म्हणतो, कणीस बाहेर पडले की 'निसवले' म्हणतो, आणि मग दाणा दुधात येतो. 'गर्भ' या एकाच संस्कृत शब्दापासून गाभण गाय आणि केळीचा गाभा हे दोन्ही शब्द आले आहेत. फुलही वांझ असते आणि म्हैसही वांझ असते. जमीन ही 'काळी आई' असते. जनावरांच्या 'विणीचा' हंगाम असतो आणि कापडालाही 'वीण' असते. या दोन शब्दांचे मूळ एकच आहे असा दावा येथे करावयाचा नाही, पण बोलणाऱ्याच्या कानाला ते एकच आहेत.

व्याकरणाच्या अंगानेही हा भेद लक्षात घेण्यासारखा आहे. 'औंदा ज्वारी पिकली' या वाक्यात ज्वारी कर्ता आहे. 'उत्पन्न' या शब्दाचाही मूळ अर्थ 'उगवून आलेले' एवढाच आहे. 'उत्पादन' हे मात्र प्रयोजक रूप आहे. उगवून आणणारा कोणी तरी तेथे गृहीत असतो आणि 'उत्पादक' म्हणून त्याचेच नाव साखर कारखान्याच्या सभासद यादीत येते. शब्द बदलला तसा कर्ताही बदलला.

जिल्ह्याची साक्ष

हे दोन्ही अर्थ एकमेकांत गुंतलेले पाहावयाचे असतील तर धाराशिव जिल्ह्याइतकी समृद्ध भूमी क्वचितच आढळेल. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनपर ग्रंथात येथून बाहेर जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. त्याच तेरच्या भूमीतून लज्जागौरीच्या मूर्तीही मिळाल्या आहेत. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात या मातृदेवतेच्या सर्जनरूपाचा सविस्तर मागोवा घेतला आहे. ज्या बाजारपेठेतून कापड समुद्रापार जात होते, तेथेच जन्म देणाऱ्या देहाची पूजा होत होती.

तेर हे संत गोरोबा काकांचेही गाव. नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडविताना आपले मूल पायाखाली आल्याचे त्यांना कळले नाही, ही कथा महाराष्ट्राला परिचित आहे. ती भक्तीच्या तल्लीनतेची कथा म्हणूनच सांगितली जाते आणि तिचा शेवट विठ्ठलकृपेने मूल परत मिळण्यात होतो. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पाहिल्यास, मडके घडविण्याच्या मातीत मूल हरवते ही घटना अधिक अस्वस्थ करते. मूल सांभाळणे आणि माती तुडविणे ही दोन्ही कामे एकाच अंगणात चालू होती, आणि आई पाण्याला गेल्यावर त्यांतील एकच काम चालू राहिले.

तुळजापूरच्या शारदीय नवरात्रात आणि घरोघरी होणाऱ्या घटस्थापनेत मडक्याभोवतीच्या मातीत धान्य रुजत घातले जाते. सुवासिनीची ओटी धान्याने व नारळाने भरली जाते. मार्गशीर्ष अमावस्येला येथील शेतकरी शेतात कडब्याची कोप करून वेळ अमावस्या, म्हणजे बोलीतील 'येळवस', साजरी करतो आणि अंबील शिंपडतो. या विधींमध्ये पीक आणि पोर यांच्यासाठी वेगळी भाषा नाही.

पशुपालनातही हेच दिसते. या जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले असले तरी 'उस्मानाबादी' ही शेळीची जात त्याच नावाने ओळखली जाते. जुळी करडे देण्यासाठी ती प्रसिद्ध आहे. शेळीपालक तिची किंमत 'वेत' या शब्दाने ठरवितो. ती कितव्या वेताची आहे, मागच्या वेताला किती करडे झाली, दोन वेतांत किती अंतर आहे, हे तो विचारतो. 'वेत' या एका शब्दात जन्म, दूध आणि उत्पन्न हे तिन्ही मावतात.

बीज-क्षेत्र रूपकाची मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून जुनी बोली एकात्म होती आणि आधुनिक मराठीने तिची फाळणी केली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. स्त्री म्हणजे क्षेत्र आणि पुरुष म्हणजे बीज हे रूपक मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातही आहे, आणि तेथील चर्चेचा गाभा अपत्यावर मालकी कोणाची हा आहे. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी 'सीड अँड अर्थ' (१९८६) या निबंधात दाखवून दिले की या रूपकामुळे अपत्यावरील आणि जमिनीवरील पुरुषाचा हक्क निसर्गसिद्ध वाटू लागतो. शेताला मजुरी द्यावी लागत नाही. स्त्रीला शेत म्हटले की तिच्या कष्टाचा हिशेबही उरत नाही. 'वांझ' हा शब्द जमिनीसाठी व स्त्रीसाठी सारखाच वापरला जातो, यात एकात्मतेपेक्षा क्रौर्यच अधिक आहे.

शिवाय बाळंतपणाला मराठी बोलीने 'काम' कधीच म्हटले नाही. आपण 'कळा येणे' म्हणतो, 'अडणे' म्हणतो, आणि शेवटी 'सुटका झाली', 'मोकळी झाली' असे म्हणतो. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असेही म्हटले जाते. या शब्दांत वेदनेची जाण आहे, पण श्रमाची नोंद नाही. इंग्रजीतील 'लेबर' या शब्दात जी शक्यता आहे ती आपल्या बोलीत नाही. भारतीय जनगणनेतही केवळ घरकाम करणारी स्त्री 'बिगर-कामगार' या वर्गात मोडते. बोली आणि शासकीय परिभाषा यांचे इतर बाबतींत कितीही मतभेद असोत, या एका बाबतीत त्यांचे एकमत आहे.

कोयता आणि पिशवी

या शब्दव्यवस्थेचे परिणाम ऊसतोडणीत सर्वाधिक स्पष्ट दिसतात. उसाच्या भाषेत पुनरुत्पादनासाठी नेमके शब्द आहेत. बेण्याला 'डोळा' असतो, त्याची 'लागण' होते, कोंबाला 'फुटवे' येतात. तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस म्हणजे 'खोडवा' आणि त्यानंतरचा 'निडवा'. खोडव्याला नवे बेणे लागत नाही, ही त्याची सोय आहे.

तोडणाऱ्या माणसांसाठी मात्र एकच शब्द आहे : 'कोयता'. मुकादम 'उचल' देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर 'अर्धा कोयता' ठरतो. म्हणजे विवाह हेच येथे श्रमाचे एकक आहे. पुनरुत्पादनाची संस्था उत्पादनाच्या मोजमापात जशीच्या तशी उचलली गेली, पण तिच्यातील गर्भारपण, पाळी आणि तान्हे मूल मात्र हिशेबाबाहेर राहिले. या गोष्टींसाठी कामाच्या भाषेत एकच शब्द आहे : 'खाडा'. खाडा झाला की पैसे कापले जातात.

२०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीतील त्रास, फडावर पाण्याची व शौचालयाची वानवा, कर्करोगाची दाखविलेली भीती आणि खाडा परवडत नाही ही विवंचना, अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली.

या स्त्रिया त्या शस्त्रक्रियेस 'पिशवी काढली' असे म्हणतात. 'कूस' या शब्दाला बोलीत केवढी प्रतिष्ठा आहे! कूस उजवते, कूस धन्य होते. पण अपत्ये झाल्यावर, फडात उभे राहताना, त्याच अवयवाला 'पिशवी' हे नाव मिळते. पिशवी रिकामी झाली की टाकून देता येते. कूस टाकून देता येत नाही. नाव बदलल्याने शस्त्रक्रिया झाली असे कोणी म्हणणार नाही. तिची कारणे उचल, कर्ज आणि खाडा यांत आहेत. परंतु निर्णय सोपा वाटावा यासाठी भाषेने आपला हातभार लावला, हे नाकारता येणार नाही.

येथे चापेक यांच्या नाटकाचे स्मरण होते. जन्म देण्याचा 'अडथळा' नसलेला कामगार ही कल्पना तेथे प्रयोगशाळेत साकारते. आपल्याकडे मात्र जिवंत स्त्रीनेच आपल्या देहातून तो अडथळा दूर करावा, अशी परिस्थिती निर्माण झाली.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मराठी बोलीने उत्पादन व पुनरुत्पादन यांना एका शब्दकुळात ठेवले, पण स्त्रीला कर्ता न मानता क्षेत्र मानले. दुसरी, शासकीय मराठीने या क्रिया वेगळ्या केल्या. उत्पादन बाजाराकडे गेले, प्रजनन दवाखान्याकडे गेले, आणि दोहोंच्या मधला श्रम बेवारस राहिला. तिसरी, 'कोयता' या शब्दात हे दोन्ही दोष एकत्र आले आहेत. स्त्री त्यात मोजली जाते, पण तिचे बाळंतपण मोजले जात नाही.

भाषेच्या अभ्यासकाला मजुरीचे दर बदलता येत नाहीत. परंतु आपल्या महाविद्यालयांत येणाऱ्या मुलामुलींपैकी काहींचे आईवडील दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर जातात, हे आपणा सर्वांना हजेरीपटावरून माहीत आहे. या मुलींच्या आयांकडे शेत, जनावर, फड आणि बाळंतपण यांविषयीचे जे शब्द आहेत, ते त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच वाक्यांत नोंदविले गेले पाहिजेत. बोलीकोशात 'खोडवा' या शब्दाची नोंद जितक्या काटेकोरपणे होते, तितक्याच काटेकोरपणे 'खाडा' या शब्दाचीही व्हावी आणि त्याच्या अर्थात तो कोणत्या दिवशी व का झाला हेही लिहिले जावे, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.