डॉक्युमेंट्स इन द केस, द

पत्रे, जबान्या आणि कात्रणे यांतून सांगितलेली इंग्रजी रहस्यकादंबरी (१९३०). डॉरोथी एल्. सेयर्स (१८९३–१९५७) ही लेखिका आणि रॉबर्ट यूस्टेस ह्या टोपणनावाने लिहिणारे एक डॉक्टर यांचे हे संयुक्त लेखन. सेयर्सच्या इतर रहस्यकादंबऱ्यांचा नायक लॉर्ड पीटर विम्झी येथे नाही. मृताचा मुलगा कागदपत्रे जुळवून सरकारी अभियोक्त्याकडे पाठवितो. विल्की कॉलिन्झने द मूनस्टोन (१८६८) मध्ये, श्रीरंगपट्टणच्या लुटीतील हिऱ्याच्या कथेसाठी, साक्षीदारांची निवेदने योजिली होती; परंतु ती घटनेनंतर मुद्दाम लिहविलेली होत. येथील पूर्वार्धातील बहुतेक पत्रे खुनापूर्वीची असून लिहिणारास पुढील अनर्थाची कल्पना नाही.

हॅरिसन हा प्रौढ गृहस्थ, त्याची तरुण दुसरी पत्नी मार्गारेट आणि वरच्या मजल्यावरील भाडेकरू, चित्रकार लेदम, यांचे हे कथानक आहे. घरात राहणाऱ्या मिस मिल्समच्या पत्रांत हॅरिसन जुलमी ठरतो. लेदमचा सोबती मन्टिंग यास तो कंटाळवाणा, पण कीव यावी असा वाटतो. मुलास लिहिलेल्या त्याच्या स्वतःच्या पत्रांतून मात्र एक संकोची व मायाळू बाप दिसतो. खुनी कोण, हे वाचकास लवकरच उमगते. मेलेला माणूस कसा होता, हे कोडे शेवटपर्यंत उरते. कादंबरीचे खरे यश येथे आहे.

कथेस ईडिथ टॉम्पसन व फ्रेडरिक बायवॉटर्झ यांच्या खटल्याचा आधार आहे. १९२२ मध्ये बायवॉटर्झने ईडिथच्या पतीस भोसकून मारले. ईडिथने प्रियकरास लिहिलेली पत्रे पुराव्यात आली. पतीच्या अन्नात काचेची पूड घातल्याचे तिने लिहिले होते. शवपरीक्षेत तशी खूण आढळली नाही. तरीही ९ जानेवारी १९२३ रोजी दोघांस फाशी झाली. कल्पनेने लिहिलेले पत्र कृत्याचा कबुलीजबाब मानावे काय, हा प्रश्न सेयर्सपुढे आयता होता. परंतु मार्गारेटच्या पत्रांतील चिथावणी ती खरीच धरून चालते. मिस मिल्समच्या शब्दाविषयी संशय निर्माण करणाऱ्या लेखिकेने मार्गारेटला हा लाभ दिलेला नाही.

अखेरचा पुरावा कागदाचा नाही, रसायनाचा आहे. विषारी भूछत्रातील मस्करीन ध्रुवित प्रकाशाची पातळी वळविते; प्रयोगशाळेत बनविलेले, डाव्याउजव्या रेणूंचे समप्रमाण मिश्रण वळवीत नाही. त्यावरून हॅरिसनच्या जेवणात विष बाहेरून मिसळल्याचे ठरते. १९५७ मध्ये मस्करीनची संरचना निश्चित झाली, तीवरून हा युक्तिवाद मूलतः बरोबर ठरतो. मात्र कथेतील भूछत्रात मस्करीन अत्यल्प असते. उपकरणाने निकाल लागताच इतकी जिवंत पत्रे जवळजवळ अनावश्यक होतात, ही रचनेतील उणीव होय.

मराठीत वामन मल्हार जोशी यांनी इंदु काळे व सरला भोळे (१९३४) ह्या कादंबरीत पत्रांचा उपयोग मतभेद मांडण्यासाठी केला. बाबूराव अर्नाळकरांच्या (१९०६–९६) रहस्यकथा झुंजारसारख्या नायकांच्या पराक्रमावर उभ्या आहेत.