उताणा कोळी आणि एक मार्गदर्शक पुस्तक

कोपरला आमच्या इमारतीत राहणारा अकरावीचा एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात रिकामी बरणी घेऊन आमच्याकडे आला. दहा दिवसांपूर्वी त्याने कुणाच्या तरी ओळखीने टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, विकत आणला होता. त्या दिवशी सकाळी कोळी बरणीत उताणा पडलेला दिसला. तो मेला असे समजून घरच्यांनी त्याला कचऱ्याच्या गाडीत टाकले. "काका, तो मेलाच होता ना?" मुलाने विचारले. पाय कसे होते, असे आम्ही विचारले. "बाजूला पसरलेले," तो म्हणाला. मग त्याला खरे ते सांगावे लागले. कोळी बहुधा जिवंत होता. तो कात टाकत होता.

टॅरंटुला पाळणाऱ्यांमध्ये प्रमाण मानल्या जाणाऱ्या एका पुस्तकात हे सारे स्पष्ट दिलेले आहे. स्टॅनली आणि मार्गरीट शुल्ट्झ या दांपत्याचे 'द टॅरंटुला कीपर्स गाइड' १९९८ मध्ये निघाले व २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. शिक्षकांनी ते अवश्य वाचावे, पण सावधपणे, असे आमचे मत आहे.

पुस्तकाचा मोठा गुण असा की, पिंजऱ्याआधी ते प्राण्याचे शरीर समजावून देते. आपल्या हाताला वाकवणारे व सरळ करणारे असे दोन्ही स्नायू असतात. कोळ्याच्या पायातील दोन मुख्य सांध्यांना सरळ करणारे स्नायूच नसतात. तिथे शरीरातील रक्तद्रवाचा दाब वाढवून पाय ताणला जातो. हे एक तत्त्व कळले की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. मेलेल्या कोळ्यात दाब उरत नाही, म्हणून त्याचे पाय पोटाखाली मुडपतात. कात टाकणारा कोळी मात्र पाठीवर निजतो, आणि त्याचे पाय पसरलेले असतात. टॅरंटुला हातातून पडला तर नाजूक उदर फुटून तो मरू शकतो, याचेही कारण हाच रक्तद्रव. नुकत्याच कात टाकलेल्या कोळ्याचे विषदंत मऊ असतात. तेव्हा बरणीत सोडलेला जिवंत रातकिडा त्यालाच इजा करू शकतो.

आता उणिवा. पुस्तकाच्या नजरेसमोरचा वाचक उत्तर अमेरिकेतील आहे. त्याचे घर कोरडे, हिवाळ्यात तापवलेले. कोपरला खाडीच्या वाऱ्यात जुलै महिन्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. इथे बंद बरणीत ओल टिकवण्याची नव्हे, ओल काढण्याची चिंता करावी लागते. दुसरे म्हणजे तिकडे लोकप्रिय असलेल्या अनेक अमेरिकन जाती संथ असतात आणि उदरावरचे खाजरे केस उडवून बचाव करतात. आपल्याकडील जातींना तसे केस नाहीत. त्या चपळ असतात आणि डिवचल्यास चावतात. पीसिलोथेरिया गटातील कोळ्याच्या दंशाने स्नायूंत तीव्र पेटके येतात. एका जातीवरून शिकलेला धीटपणा दुसरीला लागू पडत नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न डबा उघडण्याआधीचा आहे: हा कोळी आला कुठून? जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेल्या एका टपाल पार्सलात १०७ जिवंत कोळी पकडले. प्रत्येक कोळी वेगळ्या कुपीत बंद होता. उलट दिशेचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. पीसिलोथेरिया मेटालिका या सुंदर निळ्या कोळ्याचे वर्णन पोकॉक यांनी १८९९ मध्ये केले. त्यांचा नमुना आंध्रातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकूड वखारीत सापडला होता. त्यानंतर शंभर वर्षे तो दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल व गिद्दलूर यांच्यामधील जंगलात तो पुन्हा आढळला. २००८ मध्ये आययुसीएन या संस्थेने त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवले, कारण त्याचे ज्ञात वसतिस्थान १०० चौरस किलोमीटरपेक्षाही लहान होते. आज हाच कोळी परदेशी हौशी लोकांच्या घरोघरी आहे. तिकडे त्याची पैदास होते हे खरे. पण मूळ जंगल त्यामुळे वाचत नाही.

२०१९ मध्ये हा गट वन्यजीव व्यापारावरील साइट्स कराराच्या यादीत आला. आपल्या वन्यजीव कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार यादीतील प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करणे आवश्यक आहे. आमच्या शेजारच्या मुलाला यातले काहीच कुणी सांगितले नव्हते. त्याला मिळाली फक्त बरणी.

तेव्हा शिक्षकांनी हे पुस्तक खरेदीचा सल्लागार म्हणून नव्हे, प्राणिशास्त्राचे पुस्तक म्हणून वापरावे. प्रयोगासाठी काही विकत आणायला नको. झुरळे खाणारा मोठा चपटा कोळी आपल्या भिंतीवर असतोच. त्याची मादी अंड्यांची पांढरी पिशवी पोटाखाली धरून हिंडते. कोपऱ्यात त्याची टाकलेली कात सापडेल, कधी मेलेला कोळीही. दोन्ही शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना पाय पाहायला सांगावे. कोणता मेला आणि कोणी नुसती कात टाकली, हे त्यांनी स्वतः ओळखावे. एवढे आधी शिकवले असते, तर त्या सकाळी कोपरला एक कोळी वाचला असता.