तहान आणि चौकट

चित्रकथा म्हणजे मुलांची करमणूक, असा आपल्या सुशिक्षित घरांतून एक समज रूढ आहे. ज्या घरी एखाद्या कादंबरीवरून जेवणाची पाने थांबतात, त्याच घरी चित्रकथेचे पुस्तक सुटीत आणावे आणि शाळा उघडली की रद्दीत घालावे, एवढीच त्याची योग्यता ठरलेली असते. हा समज आम्हीही पुष्कळ वर्षे बाळगला. गेल्या उन्हाळ्यात मोडनिंब येथील आमच्या राहत्या घरी दोन चित्रकथा एकाच लहान वाचकाच्या हाती एकापाठोपाठ पडल्या, आणि आमचा तो समज आम्हांस सोडावा लागला. दोन्ही पुस्तकांचा नायक एकच, डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. म्हणून त्यांची तुलना करण्यास सोय आहे, आणि ती करावी असे आम्हांस वाटते.

पहिले पुस्तक 'अमर चित्र कथा' या मालेतील. अनंत पै यांनी १९६७ साली ही माला सुरू केली, आणि तिची मोठी इमारत मराठी चित्रकारांच्या हातांवर उभी राहिली, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. मालेतील 'कृष्ण' हा आरंभीचा भारतीय अंक राम वाईरकर यांनी रेखाटला. प्रताप मुळीक यांच्या कुंचल्याने कित्येक पौराणिक व ऐतिहासिक वीरांस मुद्रा दिली. आंबेडकरांवरील अंक १९७९ सालचा. त्याची संहिता एस. एस. रेगे यांची व चित्रे दिलीप कदम यांची. कदमांची रेषा स्वच्छ आहे. माणूस कोठे उभा आहे, कोण बोलतो आहे, कोण ऐकतो आहे, याविषयी वाचकाचा कधी घोटाळा होत नाही. चौकटीमागून चौकट येते, माथ्यावर निवेदन असते, आणि बालपणीच्या अपमानापासून राज्यघटनेपर्यंतचा प्रवास थोड्या पानांत पुरा होतो.

या अंकास कमी लेखणे अन्यायाचे होईल. ज्या घरांत आंबेडकरांचे नाव आदराने उच्चारले जात नव्हते, अशा कितीतरी घरांत ते राम, कृष्ण आणि शिवाजी यांच्याच रांगेत, त्याच आकाराच्या आणि त्याच किमतीच्या पुस्तकातून शिरले. हे काम शंभर व्याख्यानांनी झाले नसते. परंतु या रीतीचा एक दोषही आहे, आणि तो चित्रकाराचा नसून साच्याचा आहे. साच्यात अपमान हा थोर पुरुषाच्या चरित्रातील पहिला अध्याय होतो. तो लवकर संपावा आणि पराक्रम सुरू व्हावा, अशी वाचकाची ओढ असते. आणि चौकटीमागून धावणारी चौकट ती ओढ पुरी करते. दुःख पाहून होण्याच्या आतच पान उलटलेले असते.

दुसरे पुस्तक 'भीमायन'. दिल्लीच्या 'नवयान' या प्रकाशनसंस्थेने ते २०११ साली मूळ इंग्रजीत काढले. संहिता श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. या पुस्तकाची पारख करण्यासाठी त्यातील एकच प्रसंग पुरेसा आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्रातला आहे.

१९०१ सालची गोष्ट. आंबेडकरांचे कुटुंब त्या वेळी साताऱ्यास राहत होते. वडील खटाव तालुक्यात खजिनदार म्हणून नोकरीस होते. दुष्काळग्रस्तांस काम मिळावे म्हणून सरकार तेथे तळे खोदीत होते. सुटीत त्यांना भेटावयास नऊ वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि भाचे असे निघाले. मसूरच्या स्थानकावर उतरले, तो न्यावयास कोणी आलेले नाही. कपडे नीटनेटके, म्हणून स्टेशनमास्तरने प्रथम आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि आपण पायी चालावे. जवळ शिदोरी होती, पाणी नव्हते. वाटेत जे मिळाले ते गुराढोरांनी गढूळ केलेले. रात्री जकातनाक्यावर मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले, तरी मिळाले नाही. आंबेडकरांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे. बाप तळ्याच्या कामावर, आणि त्या तळ्याच्या वाटेवर मुलगा तहानलेला. यावर टीकाकाराने शब्द वाढवू नयेत.

मोडनिंबच्या माणसास हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणाऱ्या लोहमार्गावरील आमचे हे लहानसे स्थानक. गाडीतून उतरून बैलगाडीने आडगावी जाण्याचा प्रवास आमच्या वडीलधाऱ्यांनी केलेला. उजनीचे धरण होण्यापूर्वीचा माढे तालुक्याचा उन्हाळाही त्यांनी पाहिलेला. तहान म्हणजे काय, हे या मुलुखास ठाऊक आहे. परंतु पाणी नसल्याची तहान वेगळी आणि पाणी असून न मिळण्याची तहान वेगळी. हा फरक चित्राने कसा दाखवावा?

व्याम दांपत्याने प्रथम काय केले असेल, तर चौकट मोडली. त्यांच्या पानावर सरळ रेषांचे चौकोन नाहीत. परधानांच्या घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर 'दिगना' म्हणून जी नक्षी काढतात, तिच्या वळणांनी पान विभागलेले आहे. त्यामुळे डोळा धावत नाही. त्याला थांबत, शोधत जावे लागते. आगगाडी सापासारखी वळसे घेत येते. पात्रांचे बोलही एकाच आकाराच्या फुग्यात कोंबलेले नाहीत: सोसणाऱ्याचे आणि मायेचे शब्द पाखराच्या आकारात, आणि विषारी शब्द विंचवाची नांगी असलेल्या आकारात. पाणी नाकारणारा माणूस काय म्हणाला, हे वाचण्यापूर्वीच ते शब्द डसणारे आहेत, हे अक्षरओळख नसलेल्या मुलासही कळते. आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंग येतो, तेव्हा भाषणाचे कर्णे श्रोत्यांवर पाण्याचे तुषार उडवितात. मसूरच्या वाटेवरील तहानेस दिलेले हे उत्तर आहे. आणि ते शब्दांनी नव्हे, चित्राने दिलेले आहे. चित्र येथे मजकुराचे अलंकार म्हणून येत नाही, ते स्वतः विचार करते. चित्रकथा हा साहित्याचा प्रकार आहे की नाही, या वादाचा निकाल आमच्यापुरता या पानांनी लागला.

पुस्तक निर्दोष आहे असे मात्र नव्हे. बसथांब्यावर राखीव जागांविषयी कुरकुरणारा एक तरुण आणि त्यास ही कथा सांगणारी एक स्त्री, अशी जी बाहेरची गोष्ट रचली आहे, ती पातळ आहे. तरुण केवळ उत्तर ऐकण्यासाठी उभा केला आहे, हे चटकन दिसते. २००६ सालच्या खैरलांजी हत्याकांडासारख्या अलीकडच्या अत्याचारांचे वृत्तान्त मध्ये घातले आहेत. त्यांचा हेतू योग्य, पण काही ठिकाणी वृत्तपत्राची भाषा चित्रांवर वरचढ होते. काही पाने इतकी भरगच्च की बालवाचक वाट चुकतो. मजकुराने चित्रांवर आणखी विश्वास टाकला असता, तर पुस्तक अधिक उंचीस गेले असते.

ही रीत आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाचे चित्रकथी चित्रांच्या पोथ्या उलगडून रामायण-महाभारतातील आख्याने गात आले आहेत. त्यांतील परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली, आणि पुढच्याच वर्षी तो मान दुर्गाबाईंस लाभला. परधानही मूळचे बाण्यावर कथा गाणारेच. जनगढसिंह श्याम यांनी ती कथा भिंतीवरून कागदावर आणली, आणि पुढील पिढीने ती पुस्तकात आणली. पिंगुळीच्या पोथीतून असे पुस्तक अद्याप आमच्या पाहण्यात आलेले नाही. साताऱ्याच्या वाटेवरील तहान रेखाटावयास मध्यप्रदेशातील कलावंत पुढे आले, यात त्यांचा गौरव आहे. आपल्या चित्रकारांनी आणि त्याहून अधिक आपल्या प्रकाशकांनी मात्र यातून काही बोध घ्यावा.

शेवटी त्या लहान वाचकाविषयी. आमच्या नातवाने पहिले पुस्तक तासाभरात संपविले आणि आंबेडकर किती शिकले होते, हे सर्वांस सांगत सुटला. दुसरे पुस्तक त्याने तीन दिवस पुरविले. इंग्रजी अडले तेथे आम्ही मराठीत सांगत गेलो. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "आजोबा, ती मुलं आपल्या घरी आली असती, तर त्यांना पाणी मिळालं असतं का?"

आमच्या लहानपणी या घराच्या पडवीत एक तांब्या वेगळा ठेवलेला असे. तो कोणासाठी, हे आम्ही कधी विचारले नव्हते, कारण आम्हांस ते ठाऊक होते. आणि मागावयास आलेल्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. हे आम्ही नातवास सांगितले. सांगणे सोपे गेले नाही. तो काही बोलला नाही; पुस्तक उघडून विंचवाच्या नांगीचे ते पान पुन्हा पाहत बसला.

एका पुस्तकाने त्यास थोर पुरुष दाखविला, दुसऱ्याने त्याचेच घर दाखविले. मुलांच्या हाती दोन्ही द्यावीत, असे आमचे मत आहे. परंतु दुसरे देताना वडीलधाऱ्यांनी जवळ बसावे. प्रश्न येईल, आणि त्याचे उत्तर पुस्तकात नाही.